उन्हात वाळवलेलं माप

आमच्या घरात एका भिंतीवर खिळे होते आणि त्या खिळ्यांवर लोकांची घरं टांगलेली होती. म्हणजे दोऱ्या. एका घराची एक दोरी. माझे वडील खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधायचे. कूलरच्या तीन बाजूंना खसचा जो जाड, ओला पडदा बसतो, त्याला आमच्याकडे ताटी म्हणतात. वरून पाणी झिरपत राहतं आणि आतला पंखा त्यातून गार हवा ओढतो. मार्च लागला की बाबा सायकल काढायचे, घरोघरी जाऊन जुनी ताटी उपसायचे, मोकळ्या चौकटीला दोरी लावायचे आणि गाठ मारायचे. टोकापासून गाठीपर्यंत रुंदी, गाठीपासून पुढे उंची. शेंड्याला त्या घराची खूण म्हणून काहीतरी बांधलेलं असायचं, चिंधी, बटण नाहीतर बांगडीचा तुकडा. आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. लिहिता येत होतं, पण आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आमच्याकडे कूलर नव्हता. उरलेल्या खसचं एक ठिगळ बाबांनी खिडकीत बसवलं होतं आणि दुपारी त्यावर तांब्याने पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. पाणी मारलं की खोलीत तपकिरी उजेड पसरायचा, ओल्या मातीचा वास यायचा आणि माझे डोळे मिटायचे. झोप म्हणावी तर झोप नव्हे. भिंतीवरच्या दोऱ्या हलताना दिसायच्या. कुणाचं बटण कुणाच्या बांगडीवर हलकेच वाजायचं. मग मी एकेका दोरीच्या घरात जाऊन यायची. लाल चिंधीच्या घरात गच्चीवर मोगरा आहे, हे मी ठाम सांगू शकत असे. ते घर मी पाहिलेलंच नव्हतं. आज त्यातलं किती खरं आणि किती त्या दुपारींनी भरवलेलं, याचा छडा मला लागत नाही, आणि खरं सांगायचं तर लावायचाही नाही.

बाबांची एक सवय होती. माप घ्यायच्या आधी दोरी पाण्यात बुडवायची. त्या घरच्या बादलीत बुडवायची, पिळायची, मग चौकटीला लावायची. घरी ताटी कापताना पुन्हा तीच दोरी आमच्या बादलीत. याला ते 'दोरीले पानी दाखवणं' म्हणायचे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी मी आईच्या कडेवर होते. आमच्या घरातून व्रतं, नवस, दृष्ट काढणं सगळं तेव्हाच हद्दपार झालं होतं, आणि ते करण्यात बाबाच पुढे होते. म्हणून मला या पाणी दाखवण्याची फार गंमत वाटायची.

"बाबा, हे तुमचं कोन्तं व्रत आहे?" मी विचारायची.

"सवय आहे वं बाई. माह्या गुरूनं लावलेली."

"काहून पन?"

"आता काहून म्हन्शीन तर मले सांगता येत नाही. पन कोरड्या दोरीनं कापलेली ताटी मी कोन्या घरात बसताना पाहिली नाही."

मला तेवढ्याने समाधान होणार नव्हतं. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. वर्गात मी एकटी मुलगी. टी-स्क्वेअर पाठीला लावून सायकलवरून गेले की वस्तीतली पोरं मला 'धनुर्धारी' म्हणायची, आणि मला ते आवडायचं, हेही लपवत नाही. अर्ध्या मिलिमीटरची रेघ मी श्वास न घेता ओढायची. ज्याला आकडा नाही ते मापच नव्हे, असं माझं त्या वेळी पक्कं मत होतं. नोकरी मात्र नव्हती. कोर्स होऊन दोन उन्हाळे गेले होते. घरात कुणी बोलत नसे, पण माझा ड्रॉइंग बोर्ड आईने धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवायला सुरुवात केली होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपुरातल्या कूलर बनवणाऱ्यांनी त्या वर्षी एकत्र यायचं ठरवलं. कारण साधं होतं. दिल्लीकडून तयार कूलर यायला लागले होते, एका मापाचे, चकचकीत. आणि आमच्याकडे नऊ जणांचे नऊ कूलर. कुणाचा एक इंच रुंद, कुणाचा दोन इंच ठेंगणा. एकाची ताटी दुसऱ्याला लागत नव्हती, एकाचा पंप दुसऱ्याच्या टाकीत बसत नव्हता. सगळ्यांनी मिळून एकच माप धरलं, तर ताट्या हिवाळ्यातच तयार करून ठेवता येतील, गिऱ्हाईक कुठल्याही दुकानातून उचलील आणि बाहेरच्या मालाला तोंड देता येईल. अशी ती युती. ते तिला मंडळ म्हणायचे. मंडळाची बैठक शहराच्या टोकाला, वाडीला भरायची, त्यांच्यातल्या एकाच्या गोदामात. त्यालाच त्यांनी अध्यक्ष केलं होतं, कारण चहा त्याचा असायचा.

बाबांना तिथे बोलावणं आलं आणि त्यांनी मला सोबत नेलं. बाहेर अमरावती रोडवर ट्रक घुरघुरत होते, आत पत्र्याखाली नऊ माणसं घाम पुसत भांडत होती. एक माप असावं याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त ते आपलं असावं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"माहा कूलर वीस सालापासून चालून राहिला, त्याचं माप काहून बदलू?" एक जण म्हणाला.

"वीस साल चालला म्हणून तर बदल. आता थकला असन तो," दुसरा म्हणाला.

शेवटी अध्यक्षांनी बाबांकडे बोट केलं. "हे काका कोनाचेच नाहीत आन् सगळ्याईचे आहेत. गावात कोन्त्या घरी कोन्तं माप बसलं आहे, ते यांच्या दोऱ्याईत आहे. ज्या मापाचे कूलर जास्त, तेच मंडळाचं माप. कोनाची हार नाही, कोनाची जीत नाही. मंजूर?"

नऊही माना हलल्या. काकांच्या दोरीवर कुणाचा आक्षेप असणं शक्यच नव्हतं. पंचवीस वर्षांत त्यांची एक ताटी परत आली नव्हती. ते माप घेऊन गेले की घरधनी कूलरकडे वळूनही पाहत नसे. त्या पत्र्याखाली मला बाबांचा जो अभिमान वाटला, तो मी तेव्हा चेहऱ्यावर दिसू दिला नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींना तो दाखवता येत नाही.

"दोऱ्या देतो," बाबा म्हणाले. "पन ताकाले जाऊन भांडं काहून लपवू, साहेब? ही माही पोरगी. नक्शा काढते. मंडळाचं ड्रॉइंग हिच्याकडून घ्या. चांगलं झालं तर हिले कामावर ठेवा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टी-स्क्वेअरकडे. "ड्रॉइंग पाहू. पुढच्या मार्चपर्यंत नोकरी कच्ची, जमलं तर पक्की," ते म्हणाले.

परतताना सायकलच्या कॅरिअरवर बसून मी बाबांना विचारलं, ताट्या तयार मिळायला लागल्या तर तुम्हाला कोण बोलावील? ते म्हणाले, "जुने कूलर काय एका दिवसात मरतात? तुह्या नोकरीचं पाहू दे आधी." त्यांच्या पाठीवर घामाचा ओला नकाशा पसरला होता आणि मी त्यात नागपूर शोधत बसले.

मे महिना होता. बाबा म्हणाले होते, दोऱ्या आपण दोघं मिळून मोजू, मी हुडकेश्वरहून येतो मग. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे शेतं आणि मधे मधे चार नवी घरं. सायकलने जाऊन यायला दिवस मोडायचा. मला कुठला दम. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. बाबांची सायकल कोपऱ्यावर वळली आणि मी दोऱ्या खाली काढायला घेतल्या.

सगळ्या वेड्यावाकड्या, पीळ पडलेल्या. अशा दोरीला पोलादी पट्टी लावायची म्हणजे माझ्या विद्येचा अपमान होता. मी त्या गच्चीवर नेल्या, पाण्यात बुचकळून ताणल्या आणि दोन्ही टोकांना दगड ठेवून फरशीवर ओळीने पसरल्या. शेवया घालतात तशा. मग जिन्याच्या सावलीत बसून राहिले. नागपूरच्या मेमधली ती वेळ, जेव्हा कावळासुद्धा ओरडायचं टाळतो. दूरवर सगळ्या गावाचे कूलर मिळून एकच आवाज करत होते, आणि तो आवाज ऐकता ऐकता मला वाटत गेलं की आता हे सगळे आवाज माझ्या एका रेघेवर येऊन बसणार. बिनचूक, एका सुरात. ऊन पांढरं झालं होतं. दोऱ्या सरळ झाल्या होत्या. मी इतकी सुखात होते की अजूनही ते सुख मला जसंच्या तसं आठवतं, आणि त्याची लाजही वाटते.

दोऱ्या कडकडीत वाळल्या तेव्हा मी त्या खाली आणल्या, एकेक पट्टीला लावली, आकडे लिहिले. निम्म्याहून जास्त घरं एकाच आकड्याच्या आसपास जमली. ते मंडळाचं माप. संध्याकाळपर्यंत ट्रेसिंगवर शाईने ड्रॉइंग उतरलं आणि दोऱ्या आपापल्या खिळ्यांवर गेल्या.

बाबा दिवेलागणीला आले. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि मग ड्रॉइंगजवळ बसले. कागदाला स्पर्श न करता त्यांनी एका रेघेवरून वरच्या वर बोट फिरवलं.

"लय देखणं झालं वं," ते म्हणाले. "पट्टीले लावताना दोऱ्याईले पानी दाखवलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

खोटं बोलते आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. बुचकळल्या होत्याच की. आणि नसत्या, तरी बाबांच्या एका जुन्या सवयीला हो म्हणण्यात काय जातं, असं मनात होतं.

ड्रॉइंग मंडळाने एकमताने मंजूर केलं. नऊ सह्या झाल्या, दोन उर्दू धाटणीच्या, एक अंगठ्याची. मला वाडीच्या गोदामात एक टेबल मिळालं, खिडकीजवळचं. पावसाळ्यात सगळ्यांनी त्या मापाचे साचे केले, हिवाळ्यात नव्या कूलरचे पत्रे कापले आणि ताट्यांच्या थप्प्या लावल्या. मी टेबलाशी बसून ट्रक मोजत असे आणि मधूनच माझ्या ड्रॉइंगची निळी प्रत उलगडून पाहत असे. तिच्या कोपऱ्यात 'रेखांकन' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं होती. तेवढी दोन अक्षरं पाहिली की माझा दिवस जायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताट्या परत यायला लागल्या. नव्या कूलरमध्ये छान बसत होत्या. त्याच मापाच्या म्हणून धरलेल्या जुन्या कूलरच्या चौकटीत मात्र एकही जाईना. अर्धा इंच, कधी थोडं जास्त, बाहेरच राहायची. आणि गावात जुनेच कूलर जास्त. मंडळाची बैठक बोलावली गेली. गोदामाच्या मधोमध एक जुना कूलर ठेवला होता आणि त्याला टेकवून नवी ताटी, आत न जाणारी. बाबांना दोऱ्या घेऊन बोलावलं होतं. ते आले तेव्हा सगळ्या दोऱ्या त्यांच्या खांद्यावर होत्या.

"हा नक्शा कोनाचा?" एक जण माझ्याकडे न बघता म्हणाला. नक्शा कुणाचा हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी पक्की नोकरी त्याच आठवड्यात ठरायची होती. मी पट्टी घेऊन उठले, ताटी मोजली. ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत होती. एक दोरी घेऊन मोजली. तीही ड्रॉइंगशी जुळत होती. मी दोन्ही पुन्हा मोजली, कारण सगळं बरोबर होतं आणि ताटी आत जात नव्हती.

बाबा पुढे आले. अध्यक्षांसमोर पाण्याचा स्टीलचा ग्लास होता, तो त्यांनी उचलला. माझ्या हातातली दोरी घेऊन त्यात बुडवली. ते थांबले, मनात काही मोजत असावेत तसे. मग दोरी बाहेर काढली, अंगठ्याने निपटली आणि माझ्याच पट्टीवर ठेवली. दोरी अर्ध्या इंचाने आखूड झाली होती.

ओल्या दोरीने घेतलेलं माप ओल्या दोरीनेच सांगता येतं. वाळली की ती लांबते. पंचवीस वर्षं त्यांना जे शब्दांत सांगता आलं नव्हतं, ते त्या पट्टीवर अर्ध्या इंचात उमटलं होतं. आणि त्यासोबत हेही, की त्या संध्याकाळी मी हो म्हणाले होते. बाबांना ते त्याच क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोरी गुंडाळत ते म्हणाले, "चूक माही आहे, साहेब. मीच दोऱ्या वाळवून देल्या पोरीले. ओल्या द्यायच्या होत्या. वय झालं आता, ध्यानात राहात नाही."

"काका, तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले.

"मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या. म्हाताऱ्याच्या दोरीवर नऊ कारखाने टांगले." दोघेतिघे हसले. अध्यक्षांनी माझं ड्रॉइंग उलगडलं, पट्टी लावून पाहिली आणि मान डोलावली. "पोरीचं काम पट्टीप्रमाणे एकदम बरोबर आहे. तिचा काय दोष?"

मी तिथे उभी होते. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी बोलले नाही. घाबरले होते, हे खरं. पण नुसती घाबरले नव्हते. माझा काय दोष, हे ऐकताना मला बरंही वाटलं होतं. हे लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

माप बदललं नाही. साचे झाले होते, पत्रे कापले होते, नवे कूलर विकले गेले होते. चुकीच्या मापावर नऊ जणांचं एकमत पहिल्यांदाच झालेलं होतं आणि ते पुन्हा मोडायची कुणाची तयारी नव्हती. जुन्या कूलरांचं काकांकडे सोपवा, म्हणाले. मंडळाचं माप पुढे वर्ध्याला गेलं, यवतमाळला गेलं. अर्ध्या इंचाचं ते ऊन, आमच्या गच्चीवरचं, कुठल्या कुठल्या घरांतून भिजत राहिलं असेल. दुपारी अर्धवट झोपेत मी कधी कधी ती घरं बघून येते. तिथे गार असतं, आणि मला तिथे कुणी ओळखत नाही.

त्या दिवशी परतताना मी कॅरिअरवरून "बाबा" अशी हाक मारली. ते म्हणाले, "सायकल हालवू नको." नंतरही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आईला नोकरी पक्की झाल्याचं त्यांनीच सांगितलं आणि आईने बोर्ड कोठीवरून काढून, पुसून मला दिला.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांनी मला दोरी धरायला सोबत नेलं. धंतोलीतला एक दवाखाना होता, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या घरांपैकी. बाकांवर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं बसली होती, कुणी आडवी झाली होती. बाबांनी जुनी ताटी काढली, बादलीत दोरी भिजवली, एक टोक माझ्या हातात दिलं. गाठ मारणार, तेवढ्यात आतून कंपाउंडर आला. भला माणूस होता, संकोचलेला दिसत होता. त्याच्या हातात टेप होती.

"डॉक्टरसाहेब म्हणून राहिले, एकदा टेपनं पन पाहून घे," तो म्हणाला. "वाईट नका मानू, काका."

"पाहा ना जी," बाबा म्हणाले आणि बाजूला झाले.

कंपाउंडरने चौकट मोजली, मग दोरी मोजली, मग पुन्हा चौकट. बाबा हात पुढे बांधून उभे होते, शाळेत नाव पुकारायची वाट पाहतात तसे. बाकावरची माणसं बघत होती.

"बरोबर आहे, काका."

"हो जी," बाबा म्हणाले. मग त्यांनी गाठ मारली.

दोरीचं दुसरं टोक माझ्या मुठीत होतं, त्यातून पाणी मनगटावर उतरत होतं, आणि मी तेव्हाही बोलले नाही.